गोठवलेले म्हशीचे मांस की थंड शेळी-मेंढीचे मांस: निर्यातीचा मार्ग निवडण्यापूर्वी

मांस निर्यातीत उतरू पाहणारा उद्योजक किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक बहुधा पहिला प्रश्न दराचा विचारतो, आणि केवळ दराच्या उत्तरावर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा फसतो. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भारतातून सुमारे ११.७५ लाख टन म्हशीचे मांस परदेशी गेले व त्याचे मूल्य सुमारे २५,६४८ कोटी रुपये होते. किलोमागे हिशेब केला तर साधारण २१८ रुपये पडतात. त्याच वर्षी शेळी-मेंढीचे मांस जेमतेम ९,५९२ टन निर्यात झाले आणि त्याचे सुमारे ५३७ कोटी रुपये आले, म्हणजे किलोमागे ५६० रुपये. ज्या मालाला अडीच पट दर मिळतो तो सुमारे सव्वाशे पट कमी का जातो, या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट समजले त्याला या दोन व्यवसायांतील खरा फरक समजला असे म्हणता येईल. हे उत्तर काही अंशी आपल्या घरच्या बाजारात आहे आणि बऱ्याच अंशी व्यापार धोरण व अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे. महाराष्ट्रातून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मध्यम भांडवलाच्या संस्थेला डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे.

दोन्ही वाटांवर सारखेच असलेले नाके

प्रथम समान भाग संपवतो, कारण तो टाळता येत नाही आणि त्यावर फार विचार करण्यासारखेही काही नाही. कच्चे मांस, मग ते कोणत्याही जनावराचे असो, अपेडाकडे (कृषी व प्रक्रियायुक्त अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण) नोंदणी झालेल्या कत्तलखान्यातूनच निर्यात व्हावे लागते. प्रक्रिया वेगळ्या ठिकाणी होत असेल तर त्या कारखान्याचीही नोंदणी लागते आणि त्याने माल नोंदणीकृत कत्तलखान्यातूनच घ्यावा लागतो. प्रत्येक खेपेची पाठवणीपूर्व तपासणी होते व राज्याच्या नियुक्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे आरोग्य प्रमाणपत्र सोबत जावे लागते. देशांतर्गत पातळीवर २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू असतोच. विदेश व्यापार महासंचालनालयाने २०२३ मध्ये हलाल प्रमाणनाचे धोरणही निश्चित केले. ऑक्टोबर २०२४ पासून संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, इंडोनेशिया, सौदी अरेबिया यांच्यासह १५ देशांना हलाल म्हणून मांस पाठवायचे असेल, तर भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखाली मान्यता मिळालेल्या संस्थेचेच प्रमाणपत्र चालते. पूर्वी ओळखीच्या कोणत्याही संस्थेचा शिक्का घेऊन काम भागत असे, ते आता भागत नाही, आणि माझ्या मते हा बदल योग्य आहे, कारण शिक्क्याविषयी शंका घेण्यास आयातदाराला त्यामुळे कमी जागा उरते.

हाड, सामू आणि लाळ्या-खुरकूत

खरा फरक येथून सुरू होतो. भारतात लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा विषाणूजन्य रोग अजून आहे आणि जागतिक मांसव्यापारात या एका रोगाइतके वजन दुसऱ्या कोणत्याही रोगाला नाही. तो माणसाला मांसातून होत नाही, परंतु ज्या देशात तो नाही त्या देशात एकदा शिरला तर तेथील संपूर्ण पशुधनाचा व्यापार थांबतो. म्हणून रोगमुक्त देश रोगग्रस्त देशाकडून मांस घेताना कमालीचे सावध असतात. जागतिक व्यापार संघटनेचा स्वच्छताविषयक करार १९९५ पासून अमलात आहे व प्रत्येक देशाला आपल्या पशुधनाच्या आणि लोकांच्या आरोग्यासाठी असे निर्बंध घालण्याचा अधिकार तो मान्य करतो. अट एवढीच, की निर्बंधाला शास्त्रीय आधार असावा आणि तो व्यापार रोखण्याचे निमित्त ठरू नये.

रोगग्रस्त पण नियंत्रण कार्यक्रम राबवणाऱ्या देशातील म्हशीच्या मांसासाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेने एक मार्ग मोकळा ठेवला आहे. कत्तलीनंतर धड किमान २४ तास २ अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापमानात ठेवायचे, पाठीच्या लांब स्नायूच्या मध्यभागी सामू (आम्लता दाखवणारा पीएच) मोजून तो ६ च्या खाली आल्याची खात्री करायची, प्रमुख लसिकाग्रंथी काढून टाकायच्या आणि मग मांस हाडांपासून वेगळे करायचे. यामागचे शास्त्र सरळ आहे. कत्तलीनंतर स्नायूंत साठलेल्या शर्करेचे लॅक्टिक आम्ल तयार होते, त्याने सामू उतरतो आणि त्या आम्लतेत विषाणू टिकत नाही. परंतु हाडांतील मज्जा व लसिकाग्रंथी यांत ही आम्लता निर्माण होत नाही, म्हणून ते भाग वेगळे करावे लागतात. भारताच्या निर्यात धोरणाने याच कारणासाठी हाडासह म्हशीचे मांस पाठवण्यास बंदी केली आहे आणि केवळ हाडविरहित मांसाला परवानगी दिली आहे. गाय, बैल व वासराच्या मांसाची निर्यात पूर्णतः बंद आहे, हे येथे वेगळे सांगायला नको.

या तांत्रिक अटीचा एक परिणाम असा आहे की ज्याकडे नवे निर्यातदार दुर्लक्ष करतात. जनावर लांबून, दाटीवाटीने, पाण्याविना आणले गेले असेल तर त्याच्या स्नायूंतील शर्करा कत्तलीपूर्वीच संपते, आम्ल पुरेसे तयार होत नाही, मांस काळपट व कोरडे पडते आणि सामू ६ च्या खाली येतच नाही. असे धड निर्यातीसाठी बाद होते. म्हणजे बाजारातून कारखान्यापर्यंतच्या प्रवासात जनावराला दिलेली वागणूक हा नीतीचा प्रश्न तर आहेच, पण तो निर्यात प्रमाणपत्राचाही प्रश्न आहे. विश्रांतीसाठी पुरेशी जागा, पाणी आणि सावली यांवर खर्च करणारा कारखाना तो खर्च बाद होणाऱ्या मालातून वाचवतो, असे माझे ठाम मत आहे.

शेळी-मेंढीच्या बाबतीत चित्र उलटे आहे. तेथे हाडासह संपूर्ण धड थंड करून पाठवण्यास परवानगी आहे आणि ग्राहकालाही तेच हवे असते. म्हशीच्या मांसाला दिलेली आम्लतेची व हाड काढण्याची ढाल येथे वापरता येत नाही, त्यामुळे ज्या देशांना लाळ्या-खुरकूत किंवा पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाची भीती आहे ते हा माल मुळी घेतच नाहीत. परिणामी बाजारपेठ आखाती देश, मालदीव आणि त्यांच्यासारख्या काही मोजक्या ठिकाणांपुरती मर्यादित राहते. सव्वाशे पटींच्या फरकाचे पहिले कारण हे आहे.

सीमाशुल्क दुय्यम, परवानगी मुख्य

व्यापार धोरण म्हटले की सीमाशुल्काचा विचार आधी मनात येतो. भारत-आसियान वस्तू व्यापार करार २०१० पासून आणि संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा सर्वंकष करार १ मे २०२२ पासून लागू आहे. या करारांचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र मांसाच्या बाबतीत शुल्क शून्य असूनही दार बंद असू शकते आणि शुल्क भरूनही व्यापार भरभराटीला येऊ शकतो. युरोपीय संघ आणि अमेरिका भारतातून म्हशीचे ताजे किंवा गोठवलेले मांस घेत नाहीत, आणि यात शुल्काचा काही संबंध नाही. युरोपीय संघाच्या यादीत देशाचे नाव लागते, त्या देशात औषधांच्या अंशांवर देखरेख ठेवणारा मान्य आराखडा लागतो, आणि त्यानंतर कारखान्याची परवानगी येते. नव्या माणसाने युरोपचे स्वप्न सध्या बाजूला ठेवावे.

म्हशीच्या मांसाचा व्यापार ज्या देशांवर उभा आहे तेथेही परवानगीच्या अटी व्यापाराची दिशा कशी बदलतात हे पाहण्यासारखे आहे. मलेशिया भारताचा जुना ग्राहक आहे, परंतु तेथील पशुवैद्यकीय विभाग आणि इस्लामी विकास विभाग दोघेही कारखान्याची पाहणी करून मान्यता देतात. यादीत नाव नसलेल्या कारखान्याला कितीही स्वस्त मालाने तेथे प्रवेश मिळत नाही. फिलिपिन्स भारतीय मांस घेतो ते मुख्यतः डबाबंद व इतर प्रक्रिया उद्योगासाठी, उघड्या बाजारात विकण्यासाठी नव्हे. इंडोनेशिया दीर्घकाळ केवळ संपूर्ण रोगमुक्त देशांकडूनच मांस घेत असे. २०१६ मध्ये नियम बदलले तेव्हा भारताला प्रवेश मिळाला, कारण तेथील सरकारला सणासुदीच्या काळात मांसाचे भाव आवरायचे होते. पुढे २०२२ मध्ये इंडोनेशियातच लाळ्या-खुरकुतीचा उद्रेक झाला. तेथील आयात आजही सरकारने ठरवलेल्या आयातदारांकडून व कोट्यातून चालते, म्हणजे एका मंत्रालयाच्या निर्णयाने खरेदी दुप्पट होऊ शकते किंवा काही महिने थांबू शकते.

व्हिएतनामचे उदाहरण अधिक बोलके आहे. काही वर्षे तो भारतीय म्हशीच्या मांसाचा सर्वांत मोठा खरेदीदार होता, पण तेथे उतरणारा बराच माल सीमेपलीकडे चीनमध्ये जात असे. चीनने लाळ्या-खुरकुतीच्या कारणाने भारतीय मांसाला थेट प्रवेश दिलेला नाही. २०१३ मध्ये दोन्ही देशांत याविषयी सामंजस्य करार होऊनही तो मार्ग उघडला नाही. चीनने सीमेवरील तपासणी कडक केल्यावर व्हिएतनामची खरेदी उतरली आणि त्या मागणीवर विसंबलेल्या भारतीय कारखान्यांना इजिप्त, मलेशिया, इंडोनेशियाकडे वळावे लागले. आपला माल अखेर कोण खातो आणि तेथपर्यंत तो कोणत्या नियमाने पोहोचतो हे ज्या व्यापारात सांगता येत नाही, त्या व्यापारावर कर्ज काढून कारखाना उभारू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

आखाती बाजारात अनिश्चितता वेगळ्या प्रकारची आहे. तेथे देशांतील यंत्रणा कडक असल्या तरी नियम स्पष्ट आहेत, अंतिम ग्राहक त्याच शहरात आहे, आणि दुबई किंवा दोहा येथील दुकानात आपले धड कोणत्या किमतीला लटकते आहे हे डोळ्यांनी पाहता येते. त्या भागात लाळ्या-खुरकूत अधूनमधून आढळतेच, त्यामुळे पूर्ण रोगमुक्तीची अट घालण्याचे कारण त्यांना तितके नाही. मात्र तेथे ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान, इथिओपिया, केनिया यांचा माल शेजारच्या आकड्यावर टांगलेला असतो. खरेदीदाराला आपल्याशी बांधून ठेवणारे काहीच नसते. एका आठवड्यात आपली खेप उशिरा पोहोचली की पुढच्या आठवड्याची मागणी दुसऱ्या देशाकडे जाते.

गोठवलेला माल थांबू शकतो, थंड माल थांबू शकत नाही

गोठवलेले हाडविरहित मांस साधारण २० किलोच्या खोक्यांत भरून उणे १८ अंशांवर ठेवले जाते आणि ४० फुटी रीफर (शीतकरण यंत्रणेच्या) कंटेनरमध्ये सुमारे २८ टन माल न्हावा शेवा बंदरातून रवाना होतो. कागदपत्रात चूक निघाली, बंदरात आठवडा गेला, खरेदीदाराने दर पाडायचा प्रयत्न केला, तरी माल शीतगृहात थांबतो व दुसऱ्या देशाकडे वळवता येतो. तोटा होतो, पण तो मोजता येतो.

विमानाने जाणाऱ्या थंड धडाचे तापमान ० ते ४ अंशांच्या दरम्यान राखायचे असते आणि त्याचे आयुष्य दिवसांत मोजले जाते. आखाती मानकांनी टिकण्याच्या मुदती ठरवून दिलेल्या आहेत. विमानतळावर एक रात्र गेली तर दुकानदाराच्या हातातील विक्रीचे दिवस तेवढे कमी होतात आणि तो दर कापतो. आरोग्य प्रमाणपत्रावरील एका चुकीच्या तारखेमुळे खेप अडली, तर ती परत आणणे व्यवहारात शक्य नसते, ती नष्टच होते. विमानभाडे किलोवर आकारले जात असल्याने हाडाचे वजनही भाड्यात भरावे लागते. त्यामुळे गोठवलेल्या व्यापारात भांडवल अडकते, तर थंड व्यापारात शिस्त कमी पडली की तोटा होतो. मध्यम संस्थेला यांपैकी कोणता धोका पेलवतो, हे तिने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. दहा-बारा कुशल माणसे, वेळेवर येणारा पशुवैद्यक आणि विमानतळापर्यंत रात्रीची भरवशाची वाहतूक असेल, तर थंड माल जमतो. यातील एक जरी ढिले असेल तर जमत नाही.

जनावर कुठून येणार

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ५६ लाख म्हशी आहेत, तर एकट्या उत्तर प्रदेशात सुमारे ३.३० कोटी. निर्यातीचे मोठे कारखाने उत्तरेत एकवटण्याचे हेच कारण आहे, आणि महाराष्ट्रात नवा कारखाना उभारणाऱ्याला भाकड म्हशी व रेड्यांसाठी जुन्या, मोठ्या खरेदीदारांशी स्पर्धा करावी लागते. शेळ्या मात्र राज्यात १.०६ कोटी आणि मेंढ्या सुमारे २७ लाख आहेत; उस्मानाबादी व संगमनेरी शेळी, दख्खनी मेंढी, जतकडची माडग्याळ मेंढी या जाती लोकांच्या हाताखाली वाढलेल्या आहेत आणि धनगर समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान त्यांच्यामागे उभे आहे. कच्च्या मालाच्या दृष्टीने महाराष्ट्राचे पारडे स्पष्टपणे शेळी-मेंढीकडे झुकते.

देशांतर्गत धोरणाची जोखीमही दोन्हीकडे सारखी नाही. २०१५ मध्ये राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्गीय जनावरांवर ती बंदी नाही, कत्तलीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र मात्र लागते. तरीही रस्त्यात वाहन अडवले जाणे, मांस कोणत्या जनावराचे याची चाचणी होईपर्यंत माल पडून राहणे, वाहनचालकाने फेरी नाकारणे या गोष्टी वैध व्यापाऱ्यालाही सोसाव्या लागतात. मे २०१७ मध्ये केंद्राने गुरांच्या बाजारात कत्तलीसाठी विक्री करण्यावर निर्बंध घालणारे नियम काढले, त्यांना न्यायालयाची स्थगिती मिळाली. दरम्यान पुरवठा विस्कळीत व्हायचा तो झालाच. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद राहिले.

शेळी-मेंढीच्या वाट्याला असे प्रसंग कमी आले, पण आलेच नाहीत असे नाही. २०१८ मध्ये नागपूर विमानतळावरून जिवंत शेळ्या-मेंढ्या शारजाला पाठवण्याची तयारी झाली होती व विरोधानंतर ती पुढे ढकलावी लागली. २०२३ मध्ये जिवंत पशुधनाच्या आयात-निर्यातीसंबंधी विधेयकाचा मसुदाही केंद्राने मागे घेतला. या दोन्ही घटना जिवंत जनावरांबाबतच्या आहेत, त्यामुळे मांस पाठवणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. उलट जिवंत जनावर पाठवण्याऐवजी येथे प्रक्रिया केली तर रोजगार, कातडे आणि इतर उपपदार्थ येथेच राहतात.

आता सव्वाशे पटींच्या फरकाचे दुसरे कारण सांगतो आणि ते निर्यातीच्या बाजूने बोलणारे नाही. ज्या वर्षी निर्यातीचा सरासरी दर किलोमागे ५६० रुपये होता, त्याच सुमारास पुण्या-मुंबईत मटणाचा किरकोळ दर सातशे रुपयांच्या आसपास होता. घाऊक व किरकोळ दराची थेट तुलना करू नये हे खरे, तरीही आखातात पाठवलेले धड घरच्या बाजारापेक्षा जास्त कमावून देईलच असे गृहीत धरता येत नाही. म्हशीच्या मांसाला देशात असा चढा दर नाही, म्हणून ते परदेशी जाते. शेळी-मेंढीची निर्यात परवडण्यासाठी ठरावीक वजनाची कोवळी जनावरे, ईद व रमजानच्या मागणीशी जुळवलेले पालनाचे वेळापत्रक आणि कातडे, आतडी, मुंडी-पाय यांची देशातच चांगली विक्री या तीन गोष्टी लागतात.

भांडवल आणि कौल

निर्यातक्षम एकात्मिक कत्तलखान्याला शीतकक्ष, सांडपाणी प्रक्रिया, अवशेषांची विल्हेवाट आणि सूक्ष्मजीव चाचणीची प्रयोगशाळा लागते. म्हशींसाठी त्यात जलद गोठवणी आणि मोठ्या शीतगृहाची भर पडते व खर्च कित्येक पटींनी वाढतो. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधीतून मांस प्रक्रियेसाठी ३ टक्के व्याज सवलत मिळते आणि शेतकरी उत्पादक कंपन्याही पात्र आहेत. ही मदत मोलाची आहे, परंतु व्याज सवलत रिकाम्या कारखान्याला वाचवत नाही.

म्हणून महाराष्ट्रातील मध्यम संस्थेला माझा सल्ला थंड शेळी-मेंढीच्या मांसाच्या बाजूने आहे, आणि तोही स्वतःचा कत्तलखाना उभारण्यापासून सुरुवात न करता. आधी दोन-तीन तालुक्यांतील पालकांशी करार करावा, प्रत्येक जनावराला बिल्ला असावा, पीपीआर व लाळ्या-खुरकुतीच्या लशींच्या तारखा नोंदवाव्यात, औषध दिल्यानंतर विक्रीपूर्वी किती दिवस थांबायचे हे पालकाला शिकवावे, आणि नोंदणीकृत कत्तलखान्याशी भाडेतत्त्वावर करार करून लहान खेपा पाठवाव्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेचे आणि आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे मार्गदर्शन यासाठी उपलब्ध आहे. म्हशीच्या मांसात उतरायचेच असेल, तर ज्यांच्याकडे मलेशिया किंवा इंडोनेशियाची मान्यता आधीच आहे अशा कारखान्याला जनावरे पुरवण्याच्या भूमिकेतून उतरावे.

हा सल्ला कायमचा नाही. २०१९ मध्ये केंद्राने १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद करून लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिसविरुद्ध देशव्यापी लसीकरण हाती घेतले आणि २०३० पर्यंत लाळ्या-खुरकुतीच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रासह काही राज्यांत रोगमुक्त क्षेत्रे निर्माण करण्याचा प्रयत्न चालू आहे. अशा क्षेत्राला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळू शकते याचा दाखला कुक्कुटपालनाने दिला आहे: २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरला झाला, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतील २६ कुक्कुट संकुलांचे रोगमुक्तीचे स्वयंघोषणापत्र जागतिक पशुआरोग्य संघटनेने स्वीकारले. लाळ्या-खुरकुतीबाबत तसे एखादे क्षेत्र मान्य झाले, तर त्या क्षेत्रातील मांसाला आज बंद असलेली दारे उघडण्याची शक्यता निर्माण होईल आणि मग दोन्ही मालांचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. तेव्हा त्या क्षेत्रात कोणाची जनावरे गणली जातील, हे ज्यांच्याकडे बिल्ले आणि लसीकरणाच्या नोंदी आज सुरू झाल्या आहेत त्यांच्यावरूनच ठरेल.